बंद दाराची खूण

आपल्या मंडळाच्या शिल्पा मॅडमनी ‘दिवाळी अंकासाठी लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मी आधी मागं वळून बघितलं. वाटलं, माझ्या पाठीशी दुसरं कुणी शिकलेलं माणूस उभं असेल. पाठीशी फक्त स्टीम प्रेसचं मशीन होतं आणि ते फुसफुसत होतं.

मी नववी नापास. खरं म्हणजे परीक्षेलाच बसलो नाही. त्या मार्चमध्ये वडिलांचा हात भाजला आणि इस्त्री माझ्या हातात आली, ती अजून सुटलेली नाही. बिलबुकात ‘तीन कंदुरे, दोन गुत्रे, एक चादर’ यापेक्षा लांब मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकलं तर मॅडमनी दुरुस्त करावं आणि वाचणाऱ्यांनी आधीच माफ करून टाकावं.

मॅडम शारजात अल नहदाला राहतात. सुट्टीला सगळं कुटुंब गाडीनं रास अल खैमाचे डोंगर बघायला निघालं होतं. वाटेत त्यांच्या मुलीच्या हातून आंब्याचा ज्यूस सरांच्या शर्टावर सांडला, आणि हायवे सोडून पहिली लाँड्री दिसली ती आमची. शर्ट धुऊन, वाळवून, इस्त्री होईपर्यंत तासभर ती मंडळी बाकावर बसली. मुलगी माझ्या टेबलावरचे कपडे उलटेपालटे करून बघत होती. एकदम ओरडली, “आई, लुक, ही ड्रॉज ऑन पीपल्स क्लोद्ज! सो कूल!”

मी घाबरलो. म्हटलं, झाली तक्रार. पण मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, हे काय आहे ते लिहून द्या.” म्हणून लिहितो.

आमची वस्ती तुमच्यापैकी कुणी बघितली नसणार. दुबईहून डोंगराकडं जाताना डाव्या हाताला एक जुनी पाण्याची टाकी दिसते, पांढरी, वर कबुतरं बसलेली. तिच्यामागं सत्तरएक बैठी घरं आहेत. इकडं अशा वस्तीला शाबिया म्हणतात. फार पूर्वी सरकारनं इथल्या कोळ्यांना, उंटवाल्यांना पक्की घरं बांधून दिली, तशी ही. टाकीची शाबिया एवढंच नाव. गुगलवर टाकलं तर भलत्याच टाकीजवळ नेतं.

सगळी घरं एका साच्यातली. तेवढ्याच उंचीची भिंत, तेवढंच दोन झडपांचं लोखंडी गेट, आत अंगण, अंगणाला लागून पाहुण्यांची खोली, म्हणजे मजलिस. मधे मशीद. मशिदीसमोर तीन दुकानांची चाळ: एक बकाला, म्हणजे किराणा, एक न्हावी आणि एक आम्ही. निम्म्या घरांत जुनी अरबी कुटुंबं. मुलं मोठी होऊन नवीन व्हिलांमध्ये गेली, त्या घरांत आता इजिप्तचे मास्तर, बंगाली टेलर, एक सुदानी नर्स असे भाडेकरू. दुबई मरीनातल्या टॉवरमध्ये राहणाऱ्याला हे सगळं मागास वाटेल. पण इथं दिवसभर गेटं उघडी असतात. उघडं गेट म्हणजे या, बसा, कॉफी घ्या. बंद गेट म्हणजे घरात कुणी नाही, किंवा काहीतरी बिनसलंय.

एकोणीस वर्षांपूर्वी मी इथं आलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मालक कुंजूभाई, केरळचे, त्यांनी पहिल्याच आठवड्यात गठ्ठा माझ्या खांद्यावर दिला आणि म्हणाले, “मोहम्मद का घर.” त्या शाबियात तेव्हा अकरा मोहम्मद होते. घरांचे नंबर उन्हानं उडालेले, आणि जिथं होते तिथं अरबीत. दुपारची वेळ, डोक्यावर ऊन असं की डोळ्यांसमोर सगळ्या भिंती वितळून एक झाल्या. तिसऱ्या चकरेला मी एका गेटापाशी गठ्ठा धरून नुसता उभा राहिलो. रडायला आलं होतं, खोटं कशाला सांगू.

गेटाबाहेर सिमेंटचा बाक होता. बाकावर एक म्हातारा, समोर पितळेचा दल्ला, म्हणजे लांब चोचीची ती अरबी कॉफीची किटली. त्यानं मला बसवलं. चिमुकल्या कपात कॉफी दिली, तीन खजूर दिले. मी कप परत केला की तो पुन्हा भरे. कप हलवून दिला म्हणजे ‘पुरे’ हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळं मी सात कप प्यालो. सातव्याला तो हसला आणि चक्क हिंदीत म्हणाला, “बस करो, रात को नींद नहीं आएगी.” हे बाबा खलफान. तरुणपणी लाकडी गलबतावर खलाशी होते, मुंबईच्या बंदरात महिने काढलेले. आमच्या तिन्ही दुकानांची चाळ त्यांच्याच मालकीची, हे मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी मी पहिली खूण काढली.

आता खुणेचं सांगतो. आम्ही परीट. वाळवा तालुक्यात आमच्या गावी वडील बिब्ब्यानं खुणा करायचे. बिब्ब्याचा चीक कापडावर एकदा बसला की कापड फाटेल पण खूण जाणार नाही. पाटलांना एक रेघ, गुरवांना दोन टिंबं, मास्तरांना रेघ आणि टिंब. वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण चाळीस घरांतलं प्रत्येक धोतर बरोबर ज्याच्या त्याच्या घरी जायचं.

इथं पांढऱ्या कंदुऱ्यांचा डोंगर. कंदुरा म्हणजे इथल्या पुरुषांचा पायघोळ झगा, गळ्याशी गोंडा असलेला. गुत्रा म्हणजे डोक्यावरचं वस्त्र. सगळं पांढरं, सगळं सारखं. रेघा-टिंबांनी भागेना. म्हणून मी घराकडं बघून चित्र काढायला लागलो. मानेच्या पट्टीच्या आत, जिथं कापड दुहेरी असतं तिथं, न जाणाऱ्या शाईच्या पेनानं, नखाएवढं; गुत्र्याला कडेच्या दुमडीत. ज्याच्या दारात बकऱ्या त्याला बकरी. ज्याच्या दारात ट्रॉलीवर बोट उभी त्याला होडी. झोपाळा, पोपटाचा पिंजरा, तीन माड, इजिप्तच्या मास्तरांची सायकल. बायकांच्या काळ्या अबायांवर शाई दिसत नाही, तिथं पांढऱ्या दोऱ्याचे टाके. आणि बाबा खलफानना दल्ला.

दुसऱ्या लाँड्र्यांत बारकोडचे स्टिकर लागले, ॲपवाल्यांच्या व्हॅन दारापर्यंत यायला लागल्या. मी आपला चित्रं काढतोय. कुंजूभाई म्हणायचे, “ये क्या बच्चों का काम है!” पण एकोणीस वर्षांत एकाचा कपडा दुसऱ्याकडं गेला नाही, हे तेही मान्य करायचे.

आमच्या धंद्यातला एक नियम वडिलांनी शिकवलेला: खूण खरी पाहिजे. घर बदललं की खूण बदलायची, नाहीतर गठ्ठा चुकतो. म्हणून बकऱ्या विकल्या की मी बकरी थांबवतो आणि दारात जे दिसेल ते काढतो. जुन्या कपड्यांवर जुनी खूण राहते, नव्या कपड्यांवर नवी. नियम साधा आहे. पण या नियमानंच मला अडचणीत आणलं.

दोन वर्षांपूर्वी बाबांची बायको, उम्म सालेम, गेली. मुलगा अबू धाबीला नोकरीला. बाबांचं गेट बंद झालं. बाक तिथंच, पण त्यावर धूळ. दल्ला दिसेना. बाबा बाजूच्या छोट्या दारानं मशिदीत जायचे आणि तसेच परतायचे. कपडे घेऊन यायची ती सिती, त्यांच्या घरी काम करणारी इंडोनेशियाची बाई. महिनाभर मी वाट बघितली. मग नवीन कंदुरे आले, तेव्हा नियमाप्रमाणं त्यांवर नवी खूण काढली. चौकोन, मधे उभी रेघ. बंद गेट.

मी खूण बदलली. गेटवरची बेल मात्र वाजवली नाही. गठ्ठे घेऊन दोन वर्षं त्या गेटापुढून जात राहिलो. मोठ्या माणसाच्या दुःखात आपण कोण, असं स्वतःला समजावलं. सात कप कॉफी प्यालेला माणूस मी.

या रमजानच्या सुरुवातीला बाबांच्या एजंटाकडून कागद आला: ईदनंतर महिन्याभरात लाँड्रीचा गाळा रिकामा करा, तिथं कॅफेटेरिया येणार. कुंजूभाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “खलास, मारुती. मैं तो त्रिशूर जाएगा. तुम्हारा क्या?”

माझं काय! माझा व्हिसा या दुकानावर. वय अठ्ठेचाळीस. मुलीचं सांगलीला नर्सिंगचं शेवटचं वर्ष. नववी नापास माणसाला कोण नवीन व्हिसा देणार? त्या दिवशी मी एका गुत्र्याला तीनदा इस्त्री केली आणि चौथ्यांदा करायला घेतला, तेव्हा कुंजूभाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

कुंजूभाईंनी एजंटाला दोन फोन केले. उत्तर एकच: बाबा कुणाला भेटत नाहीत.

अशात ईद आठवड्यावर आली. ईदच्या आधी आमच्याकडं कपड्यांची जी रीघ लागते ती बघायला पाहिजे. प्रत्येकाला कंदुरा पुठ्ठ्यासारखा कडक पाहिजे, आणि प्रत्येकाचं वेगळं. एकाला बाहीवर घडी पाहिजे, दुसऱ्याला घडी दिसली तर परत. गुत्रा दुमडताना मधली रेघ अशी बसली पाहिजे की कपाळावर बरोबर टोक उभं राहील.

त्या गडबडीत एका दुपारी नमाजनंतर दोघे जण दुकानात शिरले. सईद, ज्याच्या बकऱ्या आहेत तो, आणि हमद, ज्याची बोट आहे तो. दोघांच्या हातात एकेक गुत्रा. वजू करताना, म्हणजे नमाजआधी हातपाय धुताना, दोघांनी गुत्रे खुंटीला अडकवले, उचलताना अदलाबदल झाली. कुणाचा कुठला ते बघायला कडा उलटल्या, तर आत चित्रं!

“मारुती, ये क्या है?” सईदनं गुत्रा माझ्या नाकासमोर धरला. “मैं बकरी?”

मी इस्त्री उभी करून ठेवली. “नहीं अरबाब, नहीं मालिक, तुम्हारे दरवाजे पे बकरी. निशान है, घर का.”

“उन्नीस साल से मेरे सिर पे बकरी बैठी है?”

“सिर में भी वही है,” हमद म्हणाला.

“और तू?”

हमदनं आपला दाखवला. होडी. छाती फुगवून म्हणाला, “शोफ, देख! कॅप्टन.”

“बोट तीन साल से पंक्चर खड़ी है, कॅप्टन,” सईद म्हणाला, आणि दोघंही बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी हसावं की नको या विचारात तसाच उभा.

दुसऱ्या दिवशी तर जत्रा. जो तो येऊन विचारी, माझं काय? माझं काय? इजिप्तच्या मास्तरांनी सायकलचा फोटो काढून गावी पाठवला. पोपटवाल्या घरातल्या आजीबाई स्वतः आल्या, अबाया उलटी करून टाके बघितले आणि रागावल्या, “पोपट मेला, वर्ष झालं. आता मांजर आहे. बदल!” मी म्हटलं, उद्यापासून मांजर. न्हाव्याला वाईट वाटलं की त्याला खूण नाही; तो आपले कपडे घरीच धुतो. म्हणाला, “मेरा भी बनाओ, मैं देता हूँ कपड़ा.” दोन घरं ॲपवाल्यांना सोडून परत आमच्याकडं आली. कुंजूभाई गल्ल्यावर बसून बघत होते. म्हणाले, “जाते-जाते दुकान फेमस हो गया.”

मला मात्र घाम फुटला होता. आज ना उद्या मशिदीत कुणीतरी बाबांना म्हणणार, बघू तुमची खूण. आणि बाबा मान उलटून बघणार: बंद गेट. ज्याच्या हातात आमचा गाळा, त्याच्या मानेवर मी दोन वर्षं त्याचं दुःख छापून ठेवलंय. मग कसला महिना आणि कसलं काय.

त्याच दिवशी सितीनं बाबांचा ईदचा कंदुरा आणून दिला. मानेच्या आत माझा चौकोन, मधे रेघ.

कुंजूभाई मशिदीत गेले होते. मी दुकानात एकटा. आणि मी ती चूक केली जी आमच्या धंद्यात शिकाऊ माणूसही करत नाही. न जाणारी शाई घालवायला बसलो. वडिलांचा मुलगा असून! कडक ब्लीच लावलं, घासलं. शाई फिकी झाली, जाईना. पुन्हा लावलं. ब्लीच पुरतं निघालं नसताना घाईघाईनं वर इस्त्री फिरवली, वाळवून बघावं म्हणून. ब्लीच अंगात असलेलं कापड इस्त्रीखाली पिवळं पडतं. डोळ्यांदेखत मानेवर हळदीसारखा डाग उमटला, अंगठ्याएवढा. दोन्ही बाजूंनी. आणि त्या पिवळ्यात माझं गेट फिकं पण स्पष्ट उभं होतं.

मनात आलं ते सांगतो. वरून गुत्रा येतो, डाग कुणाला दिसणार नाही. घडी करावी, प्लॅस्टिकमध्ये घालावी, द्यावी. मी घडी केलीसुद्धा.

चार वाजता सिती आली. ती जावा बेटावरच्या एका लहान शहराची, मला पाक मारुती म्हणते. मोठ्या माणसाला त्यांच्याकडं मानानं पाक म्हणतात. हिंदी ती टीव्हीवरच्या मालिकांमधून शिकलेली, त्यामुळं बोलते ते नाटकासारखं. माझा चेहरा बघून तिनं प्लॅस्टिक उघडलं, कंदुरा उलटला.

“पाक मारुती! ये आपने क्या किया?”

मी सगळं सांगितलं. दल्ला, बंद गेट, ब्लीच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तिच्या शहरात तिची गल्ली अशीच आहे, एका साच्यातली घरं, एकसारखी रंगवलेली फाटकं. गल्लीच्या तोंडाशी एक चौकी, तिथं पोकळ लाकडाचा ओंडका टांगलेला. रात्री बापे पाळीनं राखण करतात आणि काही बिनसलं की तो ओंडका ठोकतात. एकदा एका म्हाताऱ्याचं फाटक दोन दिवस उघडलं नाही, तर तिच्या आईनंच जाऊन ओंडका वाजवला. सगळी गल्ली त्या दारात.

“हमारे यहाँ दरवाजा बंद दिखे तो लकड़ी बजाते हैं,” सिती म्हणाली. “आपने चित्र बनाया.”

आजवर मला पुष्कळ लोक रागानं बोललेत. पण या बाईनं शांतपणे जे म्हटलं ते लागलं.

कंदुरा तिच्या हातात दिला नाही. हातावर घेऊन तिच्याबरोबर निघालो. ती छोट्या दाराकडं वळली, मी म्हटलं नको. मोठ्या गेटासमोर उभा राहिलो आणि बेल दाबली. आतून काही नाही. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा बोट बटणावरून काढलंच नाही, बेल वाजतच राहिली.

“कौन मर गया?” आतून आवाज आला. कडी सरकली. एक झडप चार बोटं उघडली. बाबा. दाढी वाढलेली, डोळे बारीक केलेले.

“बाबा, मैं मारुती. लाँड्रीवाला. आपका कपड़ा खराब किया.”

त्यांनी कंदुरा घेतला, डाग बघितला. “इस्त्री से?”

“ब्लीच से. निशान निकाल रहा था.”

“कौनसा निशान?”

मी डागावर बोट ठेवलं. त्यांनी डाग उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, पण त्यांना दिसेना. “बनाके दिखाओ,” ते म्हणाले.

बिलबुक खिशात होतं. मागच्या कोऱ्या बाजूला काढलं. चौकोन, मधे रेघ. कागद दिला आणि आता गाळा तर जाणारच, वर गावचं तिकीटही हातात पडणार म्हणून खाली बघत उभा राहिलो.

“ये मेरा घर?”

“जी.”

“कब से?”

“दो साल.”

त्यांनी कागदाकडं बघितलं, मग चार बोटं उघडलेल्या गेटाकडं. शेजारी सईदच्या बकऱ्या ओरडत होत्या.

“उसके पहले?”

मी त्याच्याच शेजारी काढला. पोट, मान, लांब चोच. हे मी डोळे मिटूनही काढतो, पहिली खूण होती ती माझी. बाबांनी तो बघितला आणि त्यांच्या गळ्यातून कसलासा आवाज आला. मला वाटलं, रागावले. ते हसत होते.

“उम्म सालेम बोलती थी,” ते म्हणाले, “लाँड्रीवाले ने तेरे गले पे दल्ला बिठाया है. मैं बोला, बुढ़िया, तेरी आँख गई. दस साल झगड़ा किया इस पे. कभी देखा नहीं मैंने.”

मग त्यांनी सितीला आत पाठवलं. पेटीच्या तळाचा एक कंदुरा ती घेऊन आली. माझ्याच हातची घडी, जुनी, कडांना पिवळसर झालेली. बाबांनी मानेची पट्टी स्वतः उलटली. दल्ला होता. एवढ्या धुण्यांतून गेलेला, तरी चोचीसकट. ते त्यावर अंगठा फिरवत राहिले.

“ईद को ये पहनूँगा,” त्यांनी कंदुरा माझ्या हातात दिला. “इस्त्री करो. और मारुती, इसमें से कुछ निकालना मत.”

त्या कंदुऱ्याला मी जे केलं ते एकोणीस वर्षांत कुणाच्या कपड्याला केलेलं नाही. कोमट पाण्यात भिजवून पिवळेपणा हळूहळू उतरवला. खळ पातळ, कारण जुनं कापड कडक खळीनं चिरतं. मशीनवर घातलाच नाही, हाताची इस्त्री. आधी मान, आतून, खूण वाचवून. मग खांदे, मग बाह्या, बाबांना बाहीवर घडी चालत नाही. गळ्याचा गोंडा हातानं मोकळा केला, त्याला इस्त्री लावायची नसते. शेवटी छाती. हँगरवर लावला तेव्हा तो झगा माणूस आत असल्यासारखा उभा राहिला. कुंजूभाईंनी लांबून बघितलं आणि चष्मा पुसला. 

ईदच्या सकाळी नमाज झाल्यावर मी आणि कुंजूभाई दुकानाच्या पायरीवर उभे होतो. सगळी शाबिया पांढरी, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक कपडा माझ्या हातातून गेलेला. असं चालताना मी त्यांना दरवर्षी बघतो आणि दरवर्षी मला वाटतं, मीच मिरवतोय.

तेवढ्यात सितीचा आवाज आला, “पाक मारुती! यल्ला, यल्ला, जल्दी आइए!”

वळणापर्यंत जाऊन बघितलं तर बाबांचं गेट उघडं. एक झडप नाही, दोन्ही. सताड. बाक धुतलेला, त्यावर सतरंजी, आणि मधे पितळेचा दल्ला, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. सिती नवीन हिरव्या स्कार्फमध्ये खजुरांचं ताट घेऊन उभी. माणसं आत जात होती, बाहेर येत होती, नाकाला नाक लावून ईद मुबारक करत होती. सईद, हमद, मास्तर, अबू धाबीहून आलेला सालेम, जो दारातच उभा राहून बापाकडं बघत होता.

बाबा बाकावर बसलेले. दाढी केलेली. सईदला जवळ ओढून त्यांनी आपला गुत्रा बाजूला केला आणि मानेची पट्टी उलटून दाखवली. “देख. तू बकरी. मैं दल्ला.”

सईद म्हणाला, “बाबा, बकरी दूध देती है.”

“तो दूध ला, खड़ा क्या है?” सगळे हसले.

मला बघून त्यांनी बाकावर हात आपटला. मी बसलो. एकोणीस वर्षांपूर्वी बसलो होतो त्याच जागी. कुंजूभाईंनी मात्र बसायच्या आधीच विचारलं. बिचारे रमजानभर ते वाक्य पाठ करत होते. “बाबा, दुकान का...”

“कैफेटेरियावाले को खलास बोल दिया,” बाबा म्हणाले. “यहाँ कॉफी मैं पिलाता हूँ. उसका क्या काम? तुम कपड़ा धोओ.”

कुंजूभाई मटकन खाली बसले. बाबांनी त्यांच्या हातात कप दिला. मी बोललो असतो तर त्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांसमोर रडलो असतो, आणि डाग पडले असते ते मलाच धुवायला लागले असते. गावी मुलीला व्हिडिओ कॉल लावला, फोन उघड्या गेटाकडं फिरवला आणि नुसता धरून ठेवला. ती म्हणाली, “पप्पा, कुणाचं लग्न आहे का?” मी म्हटलं, तसंच समज.

चौथ्या कपानंतर मी कप हलवला. आता येतं मला ते.

“तुम्हारा निशान क्या है?” बाबांनी एकदम विचारलं.

मी म्हटलं, मला नाही. खूण घराची असते, माझं घर इथं कुठं? माझा शर्ट त्याच मशीनमध्ये धुतला जातो, पण बिनखुणेचा. शेवटी जो उरतो तो माझा.

“पेन,” बाबा म्हणाले.

पेन माझ्या खिशात असतंच. त्यांनी मला पाठमोरं बसवलं, माझी कॉलर उलटली, आणि त्यांचा खरखरीत हात मानेला लागला. बराच वेळ काढत होते. मधेच सईद सूचना द्यायला लागला, त्याला गप्प केलं. झाल्यावर सितीनं फोनवर फोटो काढून दाखवला.

इस्त्री काढली होती त्यांनी. पण हात खलाशाचा. खालचा तळ पुढं निमुळता होत गेलेला, वरचा दांडा डोलकाठीसारखा उभा राहिलेला. इस्त्री कमी आणि गलबत जास्त.

तो शर्ट मी आठवड्यातून एकदा धुतो. सगळ्यांच्या कपड्यांबरोबर, त्याच मशीनमध्ये. आता तो शेवटी उरत नाही. खूण बघून आधीच काढून ठेवता येतो.